अवघड जागेची खिडकी

पडदे करायचे ठरले की घरातली मंडळी आधी कापडाच्या दुकानात जातात. रंग कोणता, फुले की पट्टे, आतून अस्तर लावायचे की नाही, यावर दोन-तीन संध्याकाळी जातात. मग माप शिंप्याकडे जाते, मग कोणीतरी दांडा आणतो, आणि सगळ्यांत शेवटी ड्रिल मशीनवाला येऊन अर्ध्या तासात भिंतीला चार भोके पाडून जातो. खिडकीच्या वर हातभर आणि दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत मोकळी, सपाट भिंत असेल, तर हा क्रम खपून जातो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये खिडकीचा कट्टा साधारण तीन फुटांवर आणि माथा दाराच्या माथ्याच्या रेषेत, सात फुटांवर असतो. बाजारातले तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटी मिळतात ते याच हिशेबाने. पण खिडकी बीमला चिकटलेली असेल, एका कडेला कपाट नि वर एसी असेल, कोपऱ्यात ती काटकोनात वळत असेल, तिची कवाडे आत उघडत असतील किंवा छतावरून फॉल्स सीलिंग उतरले असेल, तर तो शेवटचा अर्धा तास आधीच्या तीन संध्याकाळींवर पाणी फिरवतो. शिवून आलेला पडदा कट्ट्यावर लोळतो, नाहीतर एसीच्या तोंडावर फडफडतो, नाहीतर महिन्याभरात ब्रॅकेटसकट हातात येतो. म्हणून या पुस्तिकेतली प्रकरणे दुसऱ्या टोकाकडून लावली आहेत. पहिले प्रकरण भिंतीत स्क्रू कुठे धरेल याचे आहे आणि कापडाचे प्रकरण शेवटचे. ही मांडणी लहरीची नाही, तिच्यामागे एक म्हणणे आहे, आणि ते इथे सविस्तर मांडायचे आहे.

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, अशी आपली एक म्हण आहे. खिडकीच्या बाबतीत वैद्याच्या जागी सुतार येतो, आणि त्याला बोलावण्याआधी दुखणे नेमके कुठे आहे ते आपण पाहून ठेवलेले बरे. बहुतेक अवघड खिडक्या कोणाच्या चुकीने झालेल्या नसतात. नियम, नकाशे आणि बांधकामाच्या रीती त्यांना तशा घडवतात. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते, आणि बहुतेक बिल्डर त्या किमानाच्या फार वर जात नाहीत. त्यातून दीड-दोन फूट खोलीचा बीम वजा केला की उरतात सात-साडेसात फूट, म्हणजे जवळजवळ खिडकीचाच माथा. खिडकी बीमला जाऊन चिकटते ती या साध्या वजाबाकीमुळे. त्यात भिंत सहा इंची ब्लॉकची आणि बीम नऊ इंची असला, तर बीम तीन इंच खोलीत डोकावतो, आणि पडद्याला जागा म्हणून त्याच्या पोटाची तेवढीच तीन इंचांची पट्टी मिळते. तिच्यावर एक ट्रॅक बसतो, दोन बसत नाहीत. जाळीचा एक आणि जाड एक असे दोन पडदे हवेत, हा हट्ट तिथेच संपतो. मुंबईत याहून मजेशीर प्रकार आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजला जात नसे. त्यामुळे खिडकीखाली बाहेर काढलेले ओटे इमारतीमागून इमारतीला आले, आणि राहायला आलेल्यांनी ते यथावकाश खोलीत ओढून घेतले. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, फ्लॉवर बेड आणि बाल्कन्या मोजणीत आल्या, त्या बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्क्यांपर्यंत फंजिबल एफएसआय, म्हणजे जास्तीचे चटईक्षेत्र, मिळू लागला. पण तोवर बांधलेल्या घरांत एकाच खिडकीला दोन रेषा तयार होऊन बसल्या: भिंतीची जुनी रेषा, जिथे बीम आहे, आणि तिच्यापुढे बाहेर सरकलेली काचेची रेषा. पडदा कोणत्या रेषेवर टांगायचा, हा प्रश्न कापडाच्या दुकानात सुटत नाही. बाहेरच्या रेषेवर तो तीन बाजूंनी वळवावा लागतो, धरायला मजबूत असे फारसे काही नसते, आणि पावसाळ्यात काचेच्या फटीतून झिरपणारे पाणी पहिल्यांदा त्यालाच लागते. आतल्या रेषेवर सरळ ट्रॅक आणि भक्कम काँक्रीट मिळते, पण रात्री पडदा ओढला की तो हौसेने केलेला बसायचा कट्टा खोलीपासून तुटतो. मला आतली रेषाच योग्य वाटते. कट्टा दिवसा वापरायचा असतो, पडदा रात्री.

आता गिलाव्यामागे काय आहे ते पाहू, कारण माझ्या मते अर्धा विषय इथेच आहे. आतला गिलावा जेमतेम अर्धा इंच जाड असतो, आणि त्याच्यात अडकलेला स्क्रू कशातच अडकलेला नसतो. खरी पकड त्यामागच्या द्रव्याची. ते ओळखायला कोणते यंत्र लागत नाही. ड्रिल अर्धा इंच आत गेल्यानंतर भोकातून जी पूड येते ती बघायची. लाल आली तर वीट. करडी येते आहे आणि ड्रिल रडतखडत पुढे सरकते आहे, तर काँक्रीट, म्हणजे बीम किंवा खिडकीवरचे लिंटेल. पांढुरकी, मऊ, लोण्यात सुरी जावी तशी येत असेल तर सिपोरेक्सच्या जातीचा हलका ब्लॉक. कोकणात आणि गोव्यात तांबूस तपकिरी पूड येते ती चिऱ्याची. गेल्या काही वर्षांतल्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळी भिंतच काँक्रीटची ओततात. तिला लोक मायवान म्हणतात. तिथे कुठेही भोक पाडले तरी करडीच पूड येणार, साधे घरगुती ड्रिल दमणार, आणि मधूनच सळई लागणार. सळई लागली तर तिच्याशी झगडू नये, इंचभर सरकावे. भोकात जी प्लॅस्टिकची गुट्टी ठोकतात ती धरते कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी सुतार भिंतीत लाकडाची गुट्टी ठोकत आणि तिच्यात खिळा मारत. लाकूड सुकले की गुट्टी सैल. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने तागाच्या धाग्यांची पोकळ गुट्टी काढली, तिचे नाव आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत 'रावल प्लग' होऊन राहिले आहे. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टूर फिशरने नायलॉनची आणली. दोघांचे तत्त्व एकच: स्क्रू आत शिरला की गुट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. म्हणजे पकड गुट्टीइतकीच त्या कडांची असते. विटेच्या आणि काँक्रीटच्या कडा तो दाब सोसतात. हलक्या ब्लॉकच्या कडा चुरतात. तिथे त्या ब्लॉकसाठी केलेली लांब गुट्टी हवी, आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडायला हवे, नाहीतर आठ मिलिमीटरचे भोक बघता बघता बारा मिलिमीटरचे होते. चिऱ्याला नैसर्गिक पोकळ्या असतात, म्हणून एक भोक फसले तर बाजूला दुसरे पाडायची तयारी ठेवावी. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतीला तर भोक पाडूच नये. तिथे खिडकीवर लाकडी तुळई असते, तिच्यात थेट स्क्रू घ्यावा. आणि कोणत्याही भिंतीत, स्विचबोर्डाच्या नेमके वर किंवा एसीच्या पॉइंटच्या रेषेत ड्रिल लावण्याआधी आतून वायरचा पाइप गेलेला असणार असे धरून चालावे आणि मेन स्विच बंद करावा.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो बाळबोध नाही. पडदा म्हणजे शेवटी कापड. त्याला किती वजन असणार, की भिंतीची एवढी चिकित्सा करावी? हिशेब करून पाहू. सहा फुटी खिडकीला सात फूट लांबीचा पडदा, दुप्पट चुण्यांचा, म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर कापड. बऱ्यापैकी जाड कापड चौरस मीटरला २५० ग्रॅम धरले तर दोन किलोला थोडे कमी, १५० ग्रॅमचे अस्तर जोडले तर सगळे मिळून तीन किलो. दांड्याचा एक किलो मिळवा. चार किलो, दोन ब्रॅकेटवर वाटले तर प्रत्येकी दोन. आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे इथपर्यंत बरोबरच आहे. दोन किलो कोणतीही भिंत धरते. पण ब्रॅकेट ही तरफ आहे. ती भिंतीपासून चार इंच पुढे येते आणि तिचे दोन स्क्रू एकमेकांपासून दोन इंचांवर असतात, त्यामुळे खाली जेवढे वजन, त्याच्या सुमारे दुप्पट जोराने वरचा स्क्रू भिंतीतून बाहेर ओढला जातो. शिवाय पडदा नुसता लटकत नाही, तो ओढला जातो. सकाळच्या घाईत दिलेला हिसका, वाऱ्याने शिडासारखे फुगलेले कापड, पडद्यामागे लपलेले आणि मग त्यालाच लोंबकळणारे पंधरा किलोचे पोर. त्या क्षणी वरच्या स्क्रूवर तीस किलोंहून जास्त ओढ येते. पडदे पडतात ते वजनाने पडत नाहीत, हिसक्याने पडतात, आणि हिसका सोसायची ताकद कापडात शोधून उपयोग नाही. छताला लावलेल्या ट्रॅकला ही तरफ नसते, पण तिथे प्रत्येक गुट्टी सरळ खाली ओढली जाते. म्हणून दर दीड फुटाला एक क्लिप हवी. सात फुटांच्या ट्रॅकला पाच-सहा जागी आधार मिळाला, की एखादी गुट्टी सैल झाली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. दोन ब्रॅकेटवरच्या दांड्याला ही चैन नाही. फॉल्स सीलिंगमध्ये मात्र फसगत ठरलेली. जिप्समचा बोर्ड अर्धा इंच जाड असतो आणि तो स्वतःलाच कसाबसा धरून असतो. त्याच्यामागे प्लायवूडची पट्टी आधीच घालून घेतली असेल तरच तिथे ट्रॅक लावावा, नाहीतर लांब स्क्रूने वरच्या स्लॅबपर्यंत पोचावे. सीलिंगवाला काम करत असताना ही पट्टी फुकटात पडल्यासारखी असते. नंतर तिच्यासाठी छत फोडावे लागते.

स्क्रूची जागा ठरली की दुसरा प्रश्न: खिडकीपाशी काय काय हलते? यात पडदाही आला. उघडलेला पडदा नाहीसा होत नाही, त्याचा गठ्ठा कुठेतरी उभा राहतो, आणि हा गठ्ठा ट्रॅकच्या लांबीच्या पाव ते तिसरा हिस्सा जागा खातो. सहा फुटी खिडकीला दीड ते दोन फूट. दोन्ही बाजूंना नऊ ते बारा इंच भिंत मोकळी असेल तर ट्रॅक तेवढा पुढे न्यावा, म्हणजे उघडल्यावर काच पूर्ण मोकळी होते. एका बाजूला कपाट असेल तर पडद्याचे दोन भाग करण्याचा हट्ट सोडून तो एकाच बाजूला ओढायचा ठेवावा. दोन्ही बाजू बंद असतील तर गठ्ठा काचेपुढेच राहणार. मग तो कुठे उभा करायचा, एवढेच आपल्या हाती उरते. इथे आपल्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा एक अवगुण कामी येतो. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने तिची एक बाजू कायम बंदच असते, आणि गठ्ठा त्या बाजूला उभा केला तर उजेड थोडा जातो, वारा मुळीच अडत नाही. गज बाहेरच्या बाजूला असलेल्या जुन्या लाकडी खिडकीचे उलट. तिची कवाडे आत उघडतात आणि मध्ये येणारा दांडा, चुणी, दोरी सगळे झाडून नेतात. तिथे एकतर दांडा कवाडाच्या माथ्याहून वर आणि दोन्हीकडे कवाडाच्या रुंदीइतका बाहेर न्यावा, किंवा पडदा कवाडालाच लावावा, वर-खाली नेफ्यात ताणलेला, कवाडाबरोबर फिरणारा. एसी नेमका खिडकीवर असेल तर छतावरून पडदा सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. यंत्र भिंतीपासून आठ-नऊ इंच पुढे येते, त्याच्यापुढून पडदा सोडला की गार हवा पडद्यामागे काचेला थंड करत बसते. ट्रॅक एसीच्या खाली, लिंटेलवर घ्यावा. उंची कमी दिसेल, दिसू द्यावी.

दांडा की ट्रॅक, हा वाद या सगळ्यानंतर येतो, आणि तोवर तो बराचसा मिटलेला असतो. दांड्यावर गोल आयलेटचे पडदे सुंदर घड्या घालतात, यात शंका नाही. पण त्या घड्यांना पुढे-मागे चार-पाच इंच जागा लागते, ट्रॅकवरचा चुण्यांचा पडदा तीनेक इंचांत भागवतो. त्याहून मोठी अडचण मधल्या ब्रॅकेटची. दांडा सहा फुटांपलीकडे गेला की मध्ये झोल पडतो, म्हणून मध्ये आधार द्यावा लागतो, आणि त्या आधारावरून आयलेट पुढे जात नाही. पडदा तिथे कायमचा दुभागला जातो. एकाच बाजूला गठ्ठा करायचा असेल किंवा खिडकी कोपऱ्यात वळत असेल, तर दांड्याचा विचार तिथेच थांबतो. कोपऱ्याचा सांधा जोडून मिळतो, पण कडी त्या सांध्यावर अडते. ट्रॅकचे आधार वरून असतात आणि चाके आतल्या खाचेतून धावतात, त्यामुळे आधार कितीही असले तरी वाट मोकळी. ॲल्युमिनियमचा ट्रॅक कारखान्यातून गोलाई देऊन वाकवून घेता येतो. ही गोलाई जितकी मोठी तितकी चाके गुण्यागोविंदाने वळतात. कोपऱ्यात अगदी काटकोन करायला जाऊ नये. या दोघांच्या आधीपासून मराठी मध्यमवर्गाचा एक तिसरा भिडू आहे, तो म्हणजे स्प्रिंग: दोन हुकांत ताणलेली प्लॅस्टिकच्या वेष्टणाची तार आणि तिच्यावर नेफ्यातून ओवलेला अर्धा पडदा. तिला हसण्याचे कारण नाही. तीन फुटांच्या आत, जाळीच्या हलक्या कापडाला, कवाडावर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीला तिच्याइतके सुटसुटीत दुसरे काही नाही. ती बदनाम झाली ती सहा फुटी खिडकीवर ताणल्यामुळे. तिथे ती पहिल्या महिन्यात मध्ये झुकते आणि नंतर झुकतच राहते.

ट्रॅक बरा असेल, पण तो दिसायला रुक्ष, दवाखान्यातल्यासारखा, असा एक सूर ऐकू येतो. उघडा ट्रॅक खरोखरच देखणा नसतो. पण अवघड खिडकीपाशी त्याला लपायला जागा जवळच असते: बीमची कड, फॉल्स सीलिंगची खोबण, चार इंची पेल्मेट. शोभेचा दांडा मात्र वाकडा लागला तर ती शोभाच डोळ्यांत खुपते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अवघड खिडकीला पडदा हवाच कशाला, रोलर किंवा रोमन ब्लाइंड लावा, बाजूची जागाच लागत नाही. जिथे दोन्ही कडा बंद आहेत आणि खिडकी सरकती आहे तिथे हे मला पूर्ण मान्य आहे. ब्लाइंडचे प्रकरण त्याचसाठी घातले आहे. पण ब्लाइंड वरून खाली येतो. अर्धा उघडा पडदा निम्मी खिडकी वरपासून खालपर्यंत मोकळी करतो, अर्धा खाली घेतलेला ब्लाइंड वरचे आकाश झाकतो आणि खालची, शेजाऱ्यांना दिसणारी बाजू उघडी ठेवतो. ज्या मजल्यावर आडोसा हवा तिथे हे नेमके उलटे काम झाले. उघड्या खिडकीच्या वाऱ्यावर तो चौकटीवर आपटत राहतो. आत उघडणाऱ्या कवाडांशी त्याचे जमत नाही. आणि चौकटीच्या आत तो लावायचा तर आपल्याकडे खिडकीच्या खाचेला चारी बाजूंनी ग्रॅनाइटची किंवा संगमरवराची पट्टी असते. तिच्या कडेजवळ भोक पाडताना टवका उडाला तर तो कायमचा. म्हणजे ब्लाइंड घेतला तरी स्क्रू कुठे, हा प्रश्न सुटत नाहीच.

भाडेकरूंचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने मालकाच्या भिंतीला भोके पाडावीत कशी? बाजार त्याला दोन गोष्टी विकतो, चिकटपट्टीचे हुक आणि दोन भिंतींत दाबून बसणारा स्प्रिंगचा दांडा. चिकटपट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवर ती रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात आणखी लवकर. दाबाचा दांडा प्रामाणिक आहे, पण तो फक्त घर्षणावर उभा असतो, म्हणून त्याला समोरासमोर दोन घट्ट कडा हव्यात, रुंदी चारेक फुटांच्या आत हवी आणि कापड हलके हवे. गुळगुळीत ग्रॅनाइटवर तो घसरतो. टोकांना रबर असेल तर थोडा सावरतो. या मर्यादेत तो चालतो, त्यापलीकडे नाही. मला विचाराल तर भाडेकरूने मालकाची लेखी संमती घेऊन लिंटेलमध्ये चार नीट भोके पाडावीत आणि जाताना ट्रॅक तिथेच सोडावा. नीट बसवलेला ट्रॅक कोणताही मालक काढायला लावत नाही. फुटलेला गिलावा मात्र अनामत रकमेतून वजा होतो.

उरला सुताराच्या अनुभवाचा मुद्दा. हे सगळे त्याला कळते, आपण कशाला नाक खुपसावे? चांगल्या सुताराला हे खरोखर कळते, आणि तो अजूनही इंच-सुताची भाषा बोलतो, इंचाला आठ सूत. पण त्याला बोलावले जाते तेव्हा पडदा शिवून आलेला असतो, आणि मग त्याचा अनुभव आपली चूक झाकण्यात खर्च होतो. त्याला आधी बोलवा. आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण तिला एकच बरोबर उत्तर नाही: ट्रॅक लेव्हलला लावायचा की छताला समांतर? आपल्या घरांची छते आणि फरशी क्वचितच एका पातळीत असतात. आठ फुटांत तीन-चार सुतांचा फरक अगदी सर्रास सापडतो. पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने ट्रॅक अचूक लावला, तर तो छताच्या कडेशी तिरपा दिसतो, कारण डोळा पातळी बघत नाही, शेजारची रेषा बघतो. छताला समांतर लावला, तर चाके उताराकडे धावतात आणि पडदा आपणहून सरकत बसतो. ट्रॅक छतापासून हातभर खाली असेल तर लेव्हलला लावावा, तेवढ्या अंतरावर फरक कळत नाही. छताला टेकलेलाच असेल तर फरक वाटून घ्यावा, आणि उताराच्या टोकाला गठ्ठा राहील अशी योजना करावी, म्हणजे पडदा सरकलाच तर जिथे जायला हवा तिथेच सरकेल. मापही एका जागी घेऊन भागत नाही. ट्रॅकची रेषा पेन्सिलीने आखून तिच्यापासून फरशीपर्यंत डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन मापे घ्यावीत, आणि सगळ्यांत कमी असलेल्यातून अर्धा इंच वजा करून ते शिंप्याला द्यावे.

पडद्याकडून काय मागू नये, तेही सांगायला हवे, कारण पुष्कळ अवघड खिडक्यांवर जाड पडद्यांचा भार पडतो तो उन्हाच्या धाकाने. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काचेतून आत आलेले असते. तापलेले कापड ती उष्णता खोलीतच सोडते. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे दाराखिडक्यांना बाहेरच्या अंगाने लावून भिजवतात, बांबूच्या चिका पडवीच्या कडेला सोडतात. ऊन घराबाहेरच अडले पाहिजे हे त्यामागचे शहाणपण. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांतून उजेड दुधासारखा गाळून येई आणि आतले बाहेर दिसत नसे. तिथे उजेड आणि आडोसा ही दोन्ही कामे तावदानच करी. पश्चिमेची खिडकी भाजून काढत असेल तर बाहेर छज्जा, चीक किंवा जाळी यांचा विचार आधी करावा. मग आतल्या पडद्याला फक्त आडोसा आणि झोपेपुरता अंधार एवढेच काम उरते, कापड हलके चालते, ट्रॅक बारीक चालतो, भिंतीला भार कमी. ज्यांना झोपेसाठी पूर्ण अंधार हवा त्यांनी कापडाच्या जाडीपेक्षा कडांकडे बघावे. उजेड पडद्यातून फारसा येत नाही, बाजूच्या आणि वरच्या फटींतून येतो; ट्रॅकची टोके भिंतीकडे वळवून घेतली तर साध्या अस्तराचा पडदाही बराच अंधार करतो.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक बारीक सूचना. लोखंडी स्क्रू तिथे दोन पावसाळ्यांत गंजतो आणि त्याचा तांबडा ओघळ भिंतीवर उतरतो, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि ट्रॅक ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचा घ्यावा. कापडाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे शेवटच्या प्रकरणात मी ते आटोपते घेतले आहे. ५४ इंच पन्ह्याचे किती पन्हे लागतील, याचा हिशेब ट्रॅकची लांबी हातात असली की दोन ओळींत होतो. एक गोष्ट मात्र पडदा शिवायच्या आधी, ट्रॅक वर चढवतानाच बघावी लागते. पडदे धुवायला काढावे लागतात, निदान दिवाळीच्या साफसफाईला तरी, आणि काढणारी व्यक्ती स्टुलावर चढून, मान वर करून, एका हाताने कापड सावरत दुसऱ्या हाताने चाके बाहेर काढत असते. ट्रॅकच्या ज्या टोकाची टोपी उघडून चाके निघतात ते टोक कपाटामागे किंवा एसीच्या पाइपाखाली गेले असेल, तर दरवेळी अख्खा ट्रॅक उतरवावा लागतो किंवा पडदा तसाच मळत राहतो. उघडणारी टोपी मोकळ्या बाजूला घ्यावी, तिच्यापुढे बोटे जातील एवढी, तीनेक इंच जागा सोडावी, आणि दोन-चार चाके जास्तीची ट्रॅकमध्येच आधी घालून ठेवावीत. चाके मोडतात, आणि पाच वर्षांनी त्याच मापाची दुकानात मिळतीलच असे नाही.